पूर्वेकडील भयपट लौकिकास उतरतात काय?

भुताची गोष्ट आपणांस आवडत नाहीं असें सांगणारा मनुष्य बहुधा तें भर दुपारीं सांगत असतो. दिवेलागण होऊन गेली आहे, वीज गेलेली आहे, आणि घरांतील एखाद्या वडील माणसानें आवाज थोडा खालीं आणून आपल्या लहानपणची हकीकत सांगावयास आरंभ केला आहे. अशा वेळीं चांगले पदवीधरही पाय आंत ओढून घेऊन बसतात. ही आवड जुनीच आहे. तिचें साधन तेवढें बदललें. आजीच्या तोंडची गोष्ट मासिकांतल्या गूढकथेंत गेली, तेथून चित्रपटांत गेली, आणि आतां दिवाणखान्यांतील दूरचित्रवाणीवरून व मुलांच्या हातांतील मोबाइलवरून ती पुन्हां घरांत परत आली आहे.

गेल्या पंचवीस वर्षांत या बाबतींत एक मत फार रूढ झालें आहे. भयपट पाहावयाचा तर तो पूर्वेकडचा पाहावा. जपान, कोरिया, थायलंड या देशांतील मंडळींस भिवविण्याची जी कला साधली आहे ती अमेरिकेस साधलेली नाहीं. अमेरिकन भूत दचकवितें, पण आशियाई भूत झोंप उडवितें, असें तें मत आहे. बारामती-इंदापूरकडचीं पुण्यास शिकावयास गेलेलीं मुलें सुटींत घरीं आलीं कीं हेंच मत मोठ्या अधिकारानें सांगतात. हा लौकिक कितपत खरा, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

घरांतील लहानथोरांनीं वाचावयाच्या मासिकांत हा विषय कशाला, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, या चित्रपटांतील भूत स्मशानांत राहत नाहीं. तें घरांत राहतें. तें राक्षसाचें किंवा वेताळाचें नसतें. बहुधा त्या घरची सून, मुलगी, आई किंवा मोलकरीण हीच तेथें भूत होऊन आलेली असते. तेव्हां हा प्रश्न चित्रपटांच्या शौकिनांपेक्षां गृहस्थाश्रमी मंडळींचाच अधिक आहे.

लौकिक कसा वाढला

या लाटेचा आरंभ १९९८ सालच्या ‘रिंगू’ या जपानी चित्रपटापासून धरतात. कोजी सुझुकी यांच्या १९९१ मधील कादंबरीवरून हिदेओ नाकाता यांनीं तो काढला. एक चित्रफीत आहे. ती जो पाहील तो सातव्या दिवशीं मरतो. एवढेंच त्याचें कथासूत्र. त्यांत रक्त जवळजवळ नाहींच. आहे ती एक विहीर, तिच्या तोंडावरचें झांकण, ओले केंस चेहऱ्यावर आलेली एक मुलगी, आणि आपल्या लेकरासाठीं दिवस मोजीत असलेली एक आई. त्यापाठोपाठ जपानांतून ‘कैरो’ (२००१), ‘डार्क वॉटर’ आणि ‘जु-ऑन’ (दोन्ही २००२), हाँगकाँगकडून ‘दि आय’ (२००२), कोरियांतून ‘अ टेल ऑफ टू सिस्टर्स’ (२००३) आणि थायलंडमधून ‘शटर’ (२००४) असे चित्रपट आले. अमेरिकेनें त्यांच्या आवृत्त्या काढण्याचा सपाटा लावला. ‘द रिंग’ २००२ सालीं, ‘द ग्रज’ २००४ सालीं, ‘डार्क वॉटर’ची आवृत्ति २००५ सालीं निघाली. ‘द रिंग’नें जगभर मिळून सुमारें २५ कोटि डॉलर मिळविले. आपल्याकडे हिंदींतही ‘दि आय’च्या वळणावर २००५ सालीं ‘नैना’ आला.

या कीर्तीस व्यापाराचाही हातभार होता. ब्रिटनमधील टार्टन या कंपनीनें या सर्व देशांतील चित्रपटांवर ‘एशिया एक्स्ट्रीम’ अशी एकच छाप मारून ते युरोपांत विकले. जपानी संथ भूतकथा, कोरियन सूडकथा आणि केवळ हिंसेसाठीं काढलेले चित्रपट हीं सर्व एकाच पोत्यांत भरलीं गेलीं. ज्वारी, तांदूळ आणि खडे एकत्र करून वर ‘धान्य’ अशी चिठ्ठी लावावी, तसा हा प्रकार झाला. ती कंपनी २००८ सालीं बंद पडली. चिठ्ठी मात्र अजून निघाली नाहीं. ‘आशियाई भयपट’ हें एका दुकानदारानें पाडलेलें नांव आहे, हें ध्यानांत ठेवलें म्हणजे अर्धा गोंधळ मिटतो.

उरलेला अर्धा गोंधळ काल-विस्मरणाचा आहे. ही कला १९९८ सालीं उपजली नाहीं. मिझोगुची यांचा ‘उगेत्सु’ १९५३ सालचा आहे. पैशाच्या मागें लागून दूर गेलेला एक कुंभार घरीं परततो, बायको त्याला जेवूं घालते, आणि ती केव्हांच मेलेली आहे हें त्यास सकाळीं कळतें. कोबायाशी यांच्या ‘क्वैदान’ला १९६५ सालीं कान येथील महोत्सवांत विशेष पारितोषिक मिळालें. त्याही मागें जावें तर १८२५ सालीं रंगभूमीवर आलेलें ‘योत्सुया कैदान’ हें नाटक आहे. दुसऱ्या लग्नाच्या लोभांत सांपडलेला नवरा, विषानें विद्रूप होऊन मेलेली त्याची बायको, आणि पुढें जन्मभर त्याला दिसत राहणारा तिचा चेहरा, हा त्याचा विषय. जपानांत असलीं नाटकें उन्हाळ्यांत करीत, कारण अंगावर कांटा आला म्हणजे गारवा वाटतो! शिवाय मृत पूर्वज घरीं येतात असा त्यांचा सणही त्याच ऋतूंतला. आपल्या पितृपक्षाची आठवण येथें कोणासही होईल.

भयानक आणि बीभत्स

लौकिक खरा कीं खोटा हें ठरविण्यास कांहीं माप पाहिजे. तें आपल्याच घरीं आहे. भरतमुनींच्या आठ रसांत भयानक हा एक रस असून भय हा त्याचा स्थायिभाव आहे. बीभत्स हा त्याहून निराळा रस असून जुगुप्सा, म्हणजे किळस, हा त्याचा स्थायिभाव आहे. चार मूळ रस आणि त्यांपासून निघणारे चार, अशी नाट्यशास्त्राची मांडणी असून तींत बीभत्सापासून भयानक निघतो असें सांगितलें आहे. पाश्चात्य भयपटांपैकीं मोठा भाग पाहिला म्हणजे या सूत्राची सत्यता पटते. करवत, कुऱ्हाड, उघडी जखम. आधीं किळस आणि किळशीमागून भय.

पूर्वेकडील उत्तम भयपटांत मात्र मला एक वेगळीच उपपत्ति दिसते. तेथें भयानक हा करुणापासून निघतो. आधीं कोणावर तरी अन्याय झालेला असतो; घरानें तो झांकून ठेवलेला असतो; झांकलेलें दुःख वर येऊं लागतें तेव्हां तें भयाचें रूप घेतें; आणि भय ओसरल्यावर प्रेक्षकाच्या हातीं पुन्हां करुणच उरतो. यावरून एक साधी कसोटी निघते. कथेंतून भूत वजा करावें आणि मागें कांहीं दुःख उरतें कीं नाहीं तें पाहावें. उरत असेल तर तो चित्रपट लौकिकास पात्र आहे. न उरेल तर तो जत्रेंतील पाळणा समजावा. पोटांत खड्डा पडला, पैसे फिटले, संपलें.

विहीर, बाळंतिणीची खोली आणि माजघर

या कसोटीवर ‘रिंगू’ प्रथम लावून पाहूं. जपानांत ओकिकू नांवाच्या मोलकरणीची एक कथा पिढ्यान् पिढ्या सांगतात. धन्याच्या दहा मौल्यवान् ताटल्यांपैकीं एक नाहींशी झाली, तिच्यावर आळ आला आणि तिचा शेवट विहिरींत झाला. रात्रीं विहिरींतून ताटल्या मोजल्याचा आवाज येतो. नऊपर्यंत मोजणी होते आणि पुढें आक्रोश ऐकूं येतो. हिमेजीच्या किल्ल्यांत ओकिकूची म्हणून एक विहीर आजही दाखवितात. ‘रिंगू’मधील सादाको ही या ओकिकूच्याच कुळांतली. तिच्या आईच्या अंगीं कांहीं विलक्षण शक्ति होती. चारचौघांत त्या आईची विटंबना झाली, आणि मुलीस ज्यानें सांभाळावयाचें त्यानेंच तिला विहिरींत लोटलें. चित्रपटांतील सर्वांत हृद्य क्षण भयाचा नाहीं. नायिका विहिरींत उतरून त्या मुलीचे अवशेष कुशींत घेते, तो आहे. मग तिच्यापुढें जो पेंच पडतो, म्हणजे आपलें लेकरूं वांचविण्यासाठीं दुसऱ्या कोणाचा जीव धोक्यांत घालावा काय, तो कोणत्याही आईस भुतावांचून समजेल. ‘रिंगू’ कसोटीस पूर्ण उतरतो.

आतां आपल्या भाषेकडे पाहा. ‘विहीर जवळ केली’ हा वाक्प्रचार मराठी माणसास समजावून सांगावा लागत नाहीं, आणि त्याचा कर्ता बहुतेक स्त्रीलिंगी असतो. आमच्या बारामती-इंदापूरच्या जिराईत गांवांत कोणी पाणी भरीत नाहीं अशी एखादी जुनी विहीर पुष्कळ ठिकाणीं असे. ती कां सोडली म्हणून विचारलें तर वडील माणसें ‘तेथें बाधा आहे’ एवढेंच सांगत. त्या एका शब्दानें दोन कामें होत. मुलें विहिरीपासून दूर राहत, हें एक. आणि ती बाई कोणाच्या घरची, तिला काय सोसावें लागलें, हा प्रश्न निघत नसे, हें दुसरें. जपानी दिग्दर्शकानें केलें तें इतकेंच कीं, त्या विहिरीवरचें झांकण काढलें.

थायलंडची माए नाक ही अशीच. नवरा लढाईवर गेला असतां ती बाळंतपणांत बाळासह मरते. नवरा परत येतो, आणि बायको-मूल जिवंत आहेत असें समजून त्यांच्यासह संसार करूं लागतो. घर खांबांवर उभारलेलें. तिच्या हातचें लिंबू जमिनीच्या फटींतून खालीं पडतें, आणि ती वरूनच हात लांबवून तें उचलते. त्या क्षणीं नवऱ्यास सर्व उमगतें. या कथेवर नोन्झी निमिबुत्र यांनीं १९९९ सालीं ‘नांग नाक’ काढला. बँकॉकमध्यें वाट महाबुत या मठांत नाकची देवळी आहे. लोक तेथें तिच्यासाठीं वस्त्रें आणि तिच्या बाळासाठीं खेळणीं वाहतात. आमच्या घरीं हा चित्रपट लागला होता तेव्हां ऐंशीच्या घरांतील एका आजींनीं, थाई भाषेचें एक अक्षर कळत नसतां, ‘अगबाई, ही तर अळवंत!’ म्हणून ओळख पटविली. बाळंतपणांत मेलेल्या बाईचें भूत तें अळवंत. तिच्या भयानें बाळंतिणीच्या उशाशीं लोखंडाचा विळा किंवा कोयता ठेवीत. ज्या काळीं पुरेसें वैद्यकीय साहाय्य नव्हतें त्या काळीं आपल्याकडे काय किंवा सयामांत काय, घरोघरीं एखादी अशी जागा रिकामी झालेली असे. भूत हें त्या रिकाम्या जागेचें नांव होतें. ‘नांग नाक’ पाहून डोळ्यांत पाणी येतें तें यामुळें.

कोरियाचा ‘अ टेल ऑफ टू सिस्टर्स’ हा सावत्र आईच्या छळानें मेलेल्या दोन बहिणींच्या जुन्या लोककथेवर उभा आहे. ती कथा तेथें १९२४ सालापासून अनेक वेळां पडद्यावर आलेली आहे. दिग्दर्शक किम जी-वून यांनीं २००३ सालीं तिला मनोव्यापाराची जोड दिली. जेवणाच्या मेजावरचें मौन, वडिलांची न पाहिल्यासारखी वागणूक, फडताळाचें बंद दार; भय वाटतें तें यांचें. घरांत एक माणूस दुसऱ्यास छळीत असतां कर्ता पुरुष वर्तमानपत्रांत डोकें घालून बसतो, ही गोष्ट ज्यानें पाहिली आहे त्यास हा चित्रपट परका वाटणार नाहीं. ‘शटर’मध्यें एका छायाचित्रकाराच्या चित्रांत न काढलेली एक मुलगी उमटूं लागते आणि त्याची मान सारखी दुखत राहते. त्या दुखण्याचें कारण शेवटीं कळतें, तेव्हां अंगावर कांटा येतोच. पण त्याहून अधिक, कॉलेजच्या दिवसांत त्यानें व त्याच्या मित्रांनीं काय केलें होतें त्याची चीड येते. हे दोन्हीही कसोटीस उतरतात.

लौकिकाचा पोकळ भाग

येथवर स्तुति झाली. आतां दुसरी बाजू. ‘जु-ऑन’ची कल्पना चांगली आहे. संशयानें पेटलेल्या नवऱ्यानें बायकोस मारलें. तिचा कोप त्या घरास चिकटून राहिला. जो उंबरा ओलांडील त्यास तो बाधतो. आजाऱ्या म्हातारीची सेवा करावयास आलेली निरपराध मुलगीही त्यांतून सुटत नाहीं. परंतु बायकोच्या दुःखाकडे चित्रपटाचें लक्ष थोडें, आणि ती आतां कोणत्या फटींतून डोकावणार याकडे फार. पहिल्या दोन वेळां भय वाटतें, पांचव्या वेळीं सवय होते. माझ्या मतें हा चित्रपट अर्धाच उतरतो.

त्यानंतर तर पांढरा झगा आणि तोंडावरचे लांब केंस हें टांकसाळींतलें नाणेंच होऊन बसलें. जो तो तेंच चालवूं लागला. उत्तर-भाग निघाले, उत्तर-भागांचे उत्तर-भाग निघाले, आणि २०१६ सालीं सादाको आणि ‘जु-ऑन’ची कायाको यांची झुंज लावणारा चित्रपट जपाननेंच काढला! विहिरींत लोटलेली मुलगी आणि नवऱ्यानें मारलेली बायको यांची कुस्ती लावून टाळ्या घ्यावयाच्या, येथें करुण संपला आणि लौकिकाचें दिवाळें निघालें.

ताकाशी मिइके यांचा ‘ऑडिशन’ (१९९९) हा फार नांवाजलेला आहे. त्याचा पूर्वार्ध, म्हणजे एका विधुरानें नाटकी निवड-चांचणीच्या मिषानें वधू शोधावी ही कथा, मार्मिक आहे. परंतु उत्तरार्ध यातनांच्या प्रदर्शनांत जातो. तो बीभत्सच, केवळ पूर्वेकडचा. अमेरिकन आवृत्त्यांविषयीं एवढेंच म्हणतां येईल कीं, ‘द रिंग’ नेटका आहे, पण जेथें मूळ चित्रपट गप्प राहतो तेथें तो समजावून सांगतो. आणि आजीच्या गोष्टींतलें भय, ती कोठें गप्प बसते, यावरच अवलंबून असतें.

उंसांतला चकवा आणि वाड्यांतलें सोनें

आशिया म्हणजे केवळ जपान-कोरिया नव्हे. आपणही आशियांतच राहतों. तेव्हां आपल्या पडद्यावर काय झालें हें पाहिल्याखेरीज हा विचार पुरा होत नाहीं. मराठी चित्रपटानें भुताचा उपयोग बरेच दिवस हंसविण्यासाठींच केला. ‘एक डाव भुताचा’ (१९८२), ‘झपाटलेला’ (१९९३), ‘पछाडलेला’ (२००४) हे सर्व हास्यरसाचे. भय राहिलें तें पुस्तकांत: नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या कथांत. पडद्यावर तें खरोखर उतरलें तें अलीकडे, आणि त्याचीं दोन उदाहरणें आम्हांस जवळचीं आहेत.

पहिलें, विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (२०१७). सावकारांच्या धाकानें एक जोडपें शहर सोडून आडगांवीं येतें. बायको आठ महिन्यांची गरोदर. राहावयाची जागा म्हणजे चोहोंकडून उंसानें वेढलेलें एक घर. आमच्या भागांत ऊंस म्हणजे काय हें सांगावयास नको. १८८५ सालापासून नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत खेळूं लागलें. पुढें वालचंदनगर, भवानीनगर, माळेगांव, सोमेश्वरनगर येथें साखर-कारखाने उभे राहिले, आणि उघडें माळरान पुरुषभर उंचीच्या हिरव्या भिंतींनीं झांकलें गेलें. त्या भिंतींत चार सऱ्या आंत गेलें कीं दिशा हरपते. शेतीपंपांची वीज पुष्कळदां रात्रींचीच असते. कंदील किंवा विजेरी घेऊन दारें धरावयास जाणारा शेतकरी पानांच्या सळसळीस काय काय नांवें देत असेल, तें त्याचें त्यालाच ठाऊक. वाट चुकून माणूस त्याच जागीं फिरत राहिला तर त्यास ‘चकवा लागला’ म्हणतात. ‘लपाछपी’नें हा चकवाच पडद्यावर आणला.

पण त्याची खरी किंमत उंसामुळें नाहीं. त्या उंसांत खेळणारीं मुलें कोणाचीं, आणि घरची प्रेमळ दिसणारी तुळसाबाई (उषा नाईक यांनीं ही भूमिका फार ताकदीनें केली आहे) गर्भारशीच्या पोटाकडे अशी कां पाहते, याचें उत्तर कळतें तेव्हां भूत मागें पडतें आणि आपण स्वतःच आरोपीच्या पिंजऱ्यांत उभे राहतों. मुलगी नको म्हणून काय काय केलें गेलें, तो हा विषय आहे. २०११ च्या शिरगणतींत महाराष्ट्रांत सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागें ८९४ मुली होत्या. दहा वर्षांपूर्वीं त्या ९१३ होत्या. गर्भलिंगनिदानास बंदी करणारा कायदा १९९४ सालींच झाला होता. २००१ च्या शिरगणतींत कोल्हापूर-सांगलीसारखे सधन ऊंसपट्टेच या तुटींत पुढें होते, अडाणी डोंगरी मुलूख नव्हे. शिकलेल्या घरांनीं हा आंकडा दुसऱ्यांचा म्हणून वाचूं नये. ‘लपाछपी’मधून भूत काढून टाकलें तरी हा आंकडा उरतोच. पुढें त्याच दिग्दर्शकानें २०२१ सालीं ‘छोरी’ या नांवानें त्याचें हिंदी रूप केलें.

दुसरें उदाहरण राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’. तो १२ ऑक्टोबर २०१८ रोजीं आला. भाषा हिंदी, पण माती, पाऊस, वाडा आणि माणसें सगळीं मराठी. नांव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून घेतलेलें. साखळीनें बांधलेल्या म्हातारीचें बीज धारपांच्या ‘आजी’ या कथेंतलें. आणि ती कथा मूळ स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाच्या कथेवरून घेतलेली. म्हणजे बीज अमेरिकेचें! तरीही चित्रपट अस्सल इकडचा झाला, कारण बीज कोठलेंही असो, तें ज्या मातींत रुजलें ती माती लोभाची आणि वाड्यांची होती. १९१८ पासून १९४७ पर्यंतचा काळ. कोंकणांतून पुण्यास आलेला विनायकराव. वाड्याच्या पोटांत हस्तर नांवाचा, सोन्यानें भरलेला पण अन्नास वंचित असा शापित देवपुत्र. आणि पिठाची बाहुली दाखवून त्याच्या कडोसरींतून मोहोरा पळवावयाच्या, ही बापानें मुलास दिलेली विद्या.

आपल्या जुन्या समजुतींत समंध म्हणून एक भूत आहे. धन पुरून ठेवून, तें न भोगतां आणि न देतां मेलेला ब्राह्मण तो समंध होतो आणि ठेव्यावर बसतो. ‘तुंबाड’मध्यें समंध होण्यासाठीं मरावेंही लागत नाहीं. विनायकराव जिवंतपणींच समंध झालेला आहे. स्नान, संध्या, शेंडी, पागोटें यथासांग असून आंतून पोखरलेला हा गृहस्थ आमच्यासारख्या वाचकांस हस्तरपेक्षांही अधिक अस्वस्थ करतो, आणि तसें करावें हाच त्याचा हेतु आहे. पंकज कुमार यांच्या छायालेखनास त्या वर्षीं फिल्मफेअर पारितोषिक मिळालें. चित्रपट पहिल्यानें बेताचाच चालला. १३ सप्टेंबर २०२४ रोजीं तो पुन्हां लावला तेव्हां पहिल्या वेळेपेक्षांही अधिक चालला. चांगल्या भयाची हीच खूण. तें सहा वर्षांनींही शिळें होत नाहीं.

याउलट २०२४ सालचाच आदित्य सरपोतदार यांचा ‘मुंज्या’. मौंजीनंतर सोडमुंजीआधीं मेलेल्या बटूचें पिंपळावरचें भूत, हा विषय आपल्या घरांतलाच. चित्रपट करमणुकीचा आहे आणि त्यास अफाट गर्दी झाली. परंतु आठ-दहा वर्षांचा मुलगा गमावलेल्या आईबापांनीं पिंपळाशीं बोलत राहावें, हें जें या समजुतीच्या तळाशीं असलेलें दुःख, त्याचा त्यांत मागमूस नाहीं.

तात्पर्य

पूर्वेकडील भयपट लौकिकास उतरतात काय, या प्रश्नाचें उत्तर आतां देतां येईल. सगळे उतरत नाहींत. फार थोडे उतरतात. पण जे उतरतात ते पूर्ण उतरतात, आणि त्यांचा मोठेपणा ते पूर्वेकडचे आहेत यांत नसून, घरानें लपविलेलें पाप घराच्याच माणसांपुढें मांडण्याचें धैर्य त्यांनीं केलें, यांत आहे.

गृहस्थांनीं या चित्रपटांस सरसकट बंदी करूं नये आणि सरसकट मोकळीकही देऊं नये. ‘तुंबाड’ला प्रौढांपुरतें प्रमाणपत्र आहे, तें पाळावें. ‘ऑडिशन’ घरांत लावूं नये. ‘रिंगू’, ‘नांग नाक’, ‘टू सिस्टर्स’, ‘लपाछपी’ हे जाणत्या मुलामुलींनीं वडील माणसांबरोबर पाहावे आणि संपल्यावर दिवा लावून थोडा वेळ बोलत बसावें. मोबाइलवर पांघरुणांत एकट्यानें पाहिलेलें भूत मनांत राहतें. चारचौघांत पाहिलेल्या भुताची कथा होते, आणि कथेंतून कांहीं शिकतां येतें.

आपल्या दिग्दर्शकांना विषयांची वाण पडूं नये. मोरोपंतांची बारामती आणि मालोजीराजांचें इंदापूर यांच्या टापूंतच किती साहित्य पडलें आहे! १९८० सालीं उजनीचें धरण पुरें झालें आणि भीमाकांठचीं कितीएक गांवें पाण्याखालीं गेलीं. पळसदेवचें जुनें पळसनाथाचें देऊळ त्यांतलेंच. अवर्षणाच्या उन्हाळ्यांत पाणी ओसरतें, आणि तें शिखरासह पुन्हां वर येतें. बुडालेल्या गांवचीं म्हातारीं माणसें आपलें घर कोठें होतें तें बोटानें दाखवितात. तेथें भूत आणावयास नको. पाण्याखालीं राहिलेलें अंगण पुरे आहे.

तसा चित्रपट निघेल तेव्हां निघेल. तोंवर एक गोष्ट प्रत्येक घरास करतां येण्यासारखी आहे. एखादी विहीर, एखादी खोली, फडताळांतला एखादा जुना फोटो यांविषयीं मुलांनीं प्रश्न विचारला, तर ‘तेथें बाधा आहे’ असें सांगून त्यांना गप्प करूं नये. ती बाई कोण होती, तिचें नांव काय, तिला काय झालें, हें आपणांस ठाऊक असेल तेवढें खरें सांगावें. ज्या घरांत हें सांगतात त्या घरास भयपटाचें भय उरत नाहीं.